हलू नका

ऊन चुकवायला म्हणून कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू स्मारकात शिरले, तर कलादालनात फोटोंचं प्रदर्शन. सगळे चेहरे, आणि सगळे नकळत टिपलेले. महाद्वार रोडवर वेणी निवडणारी बाई, रंकाळ्याच्या कठड्यावर एरंडेल प्यायल्यासारखा बसलेला कॉलेजातला पोरगा. एका फोटोत गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशीचं धारोष्ण दूध नुकतंच संपवलेला एक म्हातारा, पांढऱ्या मिशीवर पांढरा फेस, हातात रिकामा ग्लास, नजर कुठंतरी लांब.

"डोळ्यांत बघ, आयुष्यभराचं दुःख साठलंय," शेजारचा तरुण मैत्रिणीला सांगत होता.

मला वाटलं, तो म्हातारा सुट्ट्या पैशांची वाट बघत असणार. गवळी शंभराची नोट घेऊन सुट्टे आणायला गेला की माणसाची नजर अशीच लांब जाते.

त्या पोराला काय हसायचं म्हणा, माझीही खोड तीच. केएमटीच्या बसमध्ये बसले की समोरचा चेहरा वाचायला घ्यायचा. एका बाईला मी रंकाळा स्टँडपासून सोशिक, सासुरवाशीण, अबोल वगैरे ठरवत आणलं होतं. बिंदू चौकात तिनं कंडक्टरला, बेल का मारली नाहीस म्हणून असं झापलं की पुढच्या दोन स्टॉपला बस आपोआप थांबली.

वॉकर एव्हन्स या अमेरिकी फोटोग्राफरलाही हाच नाद होता. १९३८ ते १९४१ या काळात तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून बसायचा. भिंग दोन बटणांच्या फटीतून डोकावायचं आणि फोटो काढायची वायर बाहीतून त्याच्या हातात यायची. समोरची माणसं आपापलं स्टेशन यायची वाट बघत बसलेली, त्यांना पत्ता नाही. या फोटोंचं पुस्तक निघायला १९६६ उजाडलं. पंचवीस वर्षं ते चेहरे त्यानं तसेच ठेवून दिले. भीड वाटली असेल. चोरून बघणाऱ्याला ती वाटतेच, मला विचारा.

आमच्या लहानपणी नकळत फोटो हा प्रकारच नव्हता. फोटो म्हणजे स्टुडिओ. मागच्या पडद्यावर रंगवलेला जिना, तो कुठंच जात नाही. सगळ्यांना कानापर्यंत पावडर, धाकट्याच्या नाकाखाली जरा जास्तच, कारण ते वाहायचं. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालायचा आणि आतून आवाज यायचा, "हलू नका!" आप्पांनी ते जन्मभर मनावर घेतलं. बंद गळ्याचा कोट, टोपी, गुडघ्यांवर दोन हात. घरीही तसेच. परीक्षेत पहिला नंबर येवो की दुधाचं पातेलं लवंडो, तोंडावरची माशी हलायची नाही.

ते गेले तेव्हा फ्रेमसाठी फोटो हवा म्हणून आईनं ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीत एक फोटो निघाला. खासबाग. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघितल्यावर मनात धरलेलं, १९१२ मध्ये पुरं झालेलं ते कुस्तीचं मैदान गोल आणि खोलगट आहे. कुठंही बसा, लाल मातीचा हौदा दिसतो. म्हणजे हौद्यातून कॅमेरा वर वळवला की माणूस न् माणूसही दिसणार. कुणीतरी तो वळवला होता. आणि गर्दीत उभे आमचे आप्पा! टोपी मुठीत धरून हवेत, तोंड कानापर्यंत उघडं, शर्टाची दोन बटणं तुटलेली. दुसरा हात शेजारच्या फेटेवाल्याच्या गळ्यात.

आमच्यापैकी कुणाच्या गळ्यात त्यांनी हात टाकलेला मला आठवत नाही.

"हे कधी?" मी विचारलं.

"दर कुस्तीला जायचे की," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असायचा. तुम्हाला सांगायचे, सर्दी झालीया."

पदरानं फोटो पुसत ती जरा थांबली. "मला तरी कुठं दाखवलं कधी हे तोंड."

आणि तो परत शालूच्या घडीत गेला. भिंतीवर स्टुडिओतलाच लावला. हार त्यालाच शोभतो.

प्रदर्शनातून घरी आल्यावर ट्रंक उघडली. आता आईही नाही, त्यामुळं विचारायची सोय उरलेली नाही. आप्पांकडं फार वेळ बघवलं नाही, म्हणून फेटेवाल्याकडंच बघत बसले. पन्नाशीचा असेल, दात पडलेले. गवंडी? तालमीतला वस्ताद? की तोही कुणाच्या घरी गुडघ्यांवर हात ठेवून बसणारा? बराच वेळ बघितलं. काही कळलं नाही. मग चहा टाकला.