ताशी 120

डिसेंबर निम्मा होत आला की वर्तमानपत्रात एक चौकट हमखास येते: मिथुन राशीतून उल्कावर्षाव, ताशी 120 उल्का. वाचणाऱ्याने छत्री घेऊन निघावे, अशीच ती भाषा असते. 2023 साली नुकतीच अमावस्या होऊन गेली होती, म्हणून 14 डिसेंबरच्या रात्री आम्ही आत्याच्या शेतावर, खळ्यात सतरंज्या अंथरल्या आणि विजेरीच्या काचेवर तांबडा जिलेटीनचा कागद रबराने बांधला. पांढरा उजेड पडला की अंधाराला सरावलेले डोळे क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीसेक मिनिटे घेतात.

ग्रहांचे बरे असते. गुरू संध्याकाळपासूनच मेष राशीत, पंचांगात लिहिल्या जागी हजर होता. कोपरे बैलगाडीच्या धावेवर टेकवून साधी दुर्बीण स्थिर धरली, की गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेले त्याचे चंद्र ओळीत मांडलेल्या ठिपक्यांसारखे दिसत. आत्याने दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा ते तिथेच होते, याचे तिला विशेष समाधान वाटले.

उल्का असा शब्द पाळत नाहीत. मुळात 120 हा आकडा आकाश अगदी काळे आणि उल्कांचा उगमबिंदू थेट डोक्यावर असे धरून काढलेला असतो. पुनर्वसूजवळचा तो बिंदू आमच्याकडे मध्यरात्र उलटल्यावर तसा वर येतो. बहुतेक वर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीचे. हा मात्र 1983 मध्ये सापडलेल्या फेथन या लघुग्रहाचा. त्याचे वाळूएवढे कण सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि जळून जातात. उल्कांमध्ये हा वेग बेताचाच, तरीही ‘ती बघ’ म्हणेपर्यंत शेजाऱ्याच्या वाट्याला काळोखच उरतो.

बारा ते एक या तासात वहीत माझ्या 23 रेघा झाल्या आणि आत्याच्या 31. थर्मासच्या झाकणात मी चहा ओतत असताना चहावरून हिरवट उजेड सरकला. मान वर केली तेव्हा आकाशात काहीच नव्हते.

“उजेड तर मीही पाहिला,” मी म्हणालो.

“उजेड नाही मोजायचा,” आत्या पडल्या पडल्या म्हणाली, “माझ्या नावावर एक रेघ ओढ.”

मी ती ओढली. माझ्या रकान्यावर चहा सांडला होता.