उत्तर एकोणिसाव्या पानावर

मंगळवार, रात्री उशिरा

आज माझा अहवाल परत आला. बावीस पाने, सात तक्ते, दोन परिशिष्टे आणि त्यावर मॅडमचा एकच शेरा, तोही मुखपृष्ठावर, पेन्सिलीने : "मग घ्यायचे की नाही?"

प्रश्न तसा सरळ होता. पॅकिंग विभागातले जुने यंत्र दुरुस्त करत राहायचे, नवे विकत घ्यायचे, की भाड्याने आणायचे? नवे घ्यावे, हे माझे मत पहिल्या पंधरवड्यातच ठरले होते. पुढचे चार आठवडे मी केवळ ते मत झाकायला पुरेसा मजकूर गोळा करत होते, असे आज वाटते. कारण शिफारस अहवालात होती, पण एकोणिसाव्या पानाच्या तळाशी आणि पुढील शब्दांत : "वरील सर्व बाबी विचारात घेता, नवीन यंत्र खरेदी करण्याच्या पर्यायाचा सकारात्मक विचार व्हावा, असे सुचवावेसे वाटते."

हे वाक्य मी मघापासून पुन्हा पुन्हा वाचते आहे. विचार व्हावा, पण तो कोणी करावा? सकारात्मक विचार केला आणि तरीही यंत्र घेतले नाही, तर माझी शिफारस मानली गेली की फेटाळली गेली? आणि "सुचवावेसे वाटते" म्हणजे तर मी सुचवलेलेही नाही, नुसते सुचवावेसे वाटले आहे. आपल्या भाषेत कर्ता गाळण्याची सोय इतकी उत्तम आहे की माणूस बावीस पाने लिहून स्वतः त्यांत कुठेही नसू शकतो. उद्या नवे यंत्र बिघडले, तर एकोणिसाव्या पानावरचे ते वाक्य माझ्याविरुद्ध साक्ष देणार नाही, याची मी नकळत तजवीज करून ठेवली होती.

बुधवार

आज पहिले पान नव्याने लिहिले. "पॅकिंग विभागासाठी नवे यंत्र विकत घ्यावे. खरेदीचा आदेश या तिमाहीच्या अखेरीस द्यावा. नव्या यंत्राची चाचणी पूर्ण होईपर्यंत जुने यंत्र राखीव ठेवावे. अंमलबजावणीची जबाबदारी उत्पादन विभागाकडे असावी." चार वाक्ये लिहायला पूर्ण सकाळ गेली.

माझी मूळ चूक अनुक्रमाची होती. मी जसजशी शोधत गेले, तसतशी लिहीत गेले : आधी माहिती, मग तुलना, मग मत. लिहिणाऱ्याला हा क्रम स्वाभाविक वाटतो, पण वाचणाऱ्याला आधी हे हवे असते की त्याने नेमके काय ठरवायचे आहे. चर्चिल यांनी 9 ऑगस्ट 1940 रोजी, ऐन युद्धात, आपल्या मंत्रिमंडळाला आणि अधिकाऱ्यांना एक छोटे टिपण पाठवले होते. अहवाल फार लांबतात, मुख्य मुद्दे छोट्या, नेटक्या परिच्छेदांत मांडावेत, तपशीलवार विश्लेषण आणि आकडेवारी परिशिष्टात ढकलावी, अशा त्यात सूचना होत्या. भरताड शब्दप्रयोग गाळा, असेही त्यात बजावले होते. "वरील सर्व बाबी विचारात घेता" हा माझा प्रयोग त्यांच्या हाती लागला असता, तर वाचला नसता.

दुपारी आणखी एक दोष सापडला. मी निष्कर्षालाच शिफारस समजत होते. "दुरुस्तीचा खर्च दरवर्षी वाढत आहे" हा निष्कर्ष आहे, आणि त्यातून यंत्र बदला, देखभालीचे वेळापत्रक सुधारा किंवा दुरुस्ती करणारा कंत्राटदार बदला, अशा तीन वेगवेगळ्या शिफारशी निघू शकतात. यांतली कोणती का निवडली, हे सांगणारे निकष मधे हवेत. मी पाचव्या पानावर निकष दिले होते खरे, पण पुढच्या पानांत त्यांचा मलाच विसर पडला होता. "काहीच न करणे" हा पर्यायही मी तुलनेत घेतला नव्हता. प्रत्यक्षात आमचा रोजचा पर्याय तोच आहे.

गुरुवार

आज आकड्यांवर बसले. खऱ्या रकमा इथे लिहिणार नाही, म्हणून यंत्राची किंमत 100 मानते. माझ्या अंदाजाने दरवर्षी 25 वाचतात, म्हणजे चार वर्षांत पैसे वसूल होतात. यंत्र सहा वर्षे चालेल असे धरले, तर बचत साधारण 17 च्या खाली घसरेपर्यंत शिफारस टिकते. ही मर्यादा मी पहिल्या पानावरच, शिफारशीच्या लगेच खाली लिहिली : बचत यापेक्षा कमी निघाल्यास ही शिफारस मागे घ्यावी. ते लिहिताना हात थोडा अडखळला, कारण आपलेच म्हणणे कुठे मोडते हे समोरच्याच्या हाती देणे अंगवळणी पडलेले नव्हते.

रात्री चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेविषयी वाचत बसले. शिफारस स्पष्ट असली की काम झाले, असे मला कालपासून वाटू लागले होते, त्याला इथे धक्का बसला. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत आधी निःसंदिग्ध शिफारस केली होती : सांध्यातील रबरी कड्यांचे तापमान 53 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सिअस, यापेक्षा कमी असेल तर उड्डाण करू नये. मग कंपनीच्या व्यवस्थापकांनी बैठक थांबवून आपसांत चर्चा केली आणि नवा कागद पाठवला. कडी आधीच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षाही 20 अंशांनी अधिक थंड असतील, हे त्या कागदावरही होते; आणि शेवटच्या ओळीत उड्डाण करावे अशी शिफारस होती. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

दुसऱ्या कागदावरची शिफारस पहिलीइतकीच स्पष्ट होती. फक्त तिच्या वरच्या ओळी वेगळ्याच दिशेला बोट दाखवत होत्या. पॅकिंगच्या यंत्राची त्या घटनेशी तुलना करणे अतिशयोक्तीचे आहे, हे कळते. तरीही मी उठून माझे पहिले पान पुन्हा काढले आणि चारही वाक्यांच्या समोर, ज्या पानावर त्याचा आधार आहे त्या पानाचा क्रमांक लिहिला. तिसऱ्या वाक्याला, जुने यंत्र राखीव ठेवण्याच्या वाक्याला, क्रमांकच मिळेना. ते मी केवळ सवयीने लिहिले होते. राखीव यंत्राला लागणारी जागा आणि सुटे भाग यांचा हिशेब कुठेच नव्हता. तो रात्री एकपर्यंत केला.

शनिवार

बैठक काल झाली. अहवाल आता नऊ पानांचा आहे. मॅडमनी पहिले पान वाचले आणि तो लेखा विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे सरकवला. त्यांनी सतराच्या आकड्यावर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "पुढच्या सहा वर्षांचे पैसे तुम्ही आजच्याच भावाने मोजलेत का?"

मोजले होते. सहाव्या वर्षी हाती येणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य कमी असते, हे मला माहीत नव्हते असे नाही. साधी वसुली काढताना ते बाजूला राहिले. त्यांनी तिथल्या तिथे दहा टक्के दराने वर्तमान मूल्य काढले आणि मर्यादा 17 वरून 23 वर आली. माझा अंदाज 25 चा. गुरुवारी ऐसपैस वाटणारी आठची फट दोनवर आली होती.

कान गरम झाले. पण नंतरची चर्चा वेगळीच झाली. माझ्या हेतूविषयी किंवा अहवालाच्या भाषेविषयी कोणी बोलले नाही. वीस मिनिटे सगळे 25 या एकाच आकड्याविषयी बोलत होते, तो कुठून आला आणि किती खरा आहे याविषयी. बावीस पानांच्या आवृत्तीतही हीच चूक होती, तेराव्या पानावरच्या तक्त्यात. ती कोणाला दिसली नसती.

खरेदीचा आदेश तूर्त थांबला आहे. तीन महिने भाड्याचे यंत्र चालवून बचत प्रत्यक्ष मोजायची आणि ती वर्षाला 23 च्या वर जाणारी निघाली तरच विकत घ्यायचे, असे ठरले. मोजणीचा तक्ता सोमवारी लावायचा आहे. त्याचा मसुदा आत्ताच केला. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात सवयीने 'संबंधित विभाग' असे लिहिले होते, ते खोडून माझे नाव घातले.