मारिओची क्षयतिथी

मारिओ उजवीकडे पळत असतो, विटा, नळकांडी आणि ढग डावीकडे सरकत असतात, आणि मध्येच सगळं चित्र किंचित अडखळतं. इतकं किंचित, की शेजारच्याला दाखवायला जावं तर तो म्हणतो, ‘कुठे काय?’ भाच्याचं तर ठरलेलं उत्तर आहे, ‘मामा, तू खेळ ना गप.’ पण ज्याला तो झटका एकदा दिसला, त्याची सुटका नाही. पुढचा कधी येतो याची तो वाटच बघत बसतो, आणि झटकाही बिचारा वाट बघायला लावत नाही. साधारण दर दहा सेकंदांनी हजर.

हा जुना मारिओ लॅपटॉपवर चालतो तो एमुलेटरमधून, म्हणजे जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून. लॅपटॉप कमी पडतो म्हणावं, तर तेही पटत नाही. मारिओ मुळात ज्यावर चालायचा त्या फॅमिकॉमचा, म्हणजे 1983 साली जपानात आलेल्या, टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या कन्सोलचा प्रोसेसर सेकंदाला जेमतेम अठरा लाख ठोके टाकायचा. आजचा स्वस्तातला लॅपटॉपही त्याची नक्कल झोपेत करील. गोची आकड्यांत आहे. जपानी-अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीत पडद्यावरून किरण एकदा वरून खाली जायचा तो 262.5 ओळी काढत. त्या अर्ध्या ओळीची कटकट फॅमिकॉमने ठेवलीच नाही. 262 ओळी झाल्या की चित्र संपलं, पुढचं घ्या. या आणि अशाच बारीकसारीक काटकसरीतून सेकंदाला चित्रं भरतात 60.0988. लॅपटॉपचा पडदा मात्र सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, निदान कागदावर तरी. एमुलेटर इमानदार असला की तो 60.0988च काढणार. मग दशांशचिन्हानंतरचं ते चिल्लर साचत जातं, दहा सेकंदांत त्याचं एक अख्खं चित्र होतं, आणि ते दाखवायला जागाच उरत नाही. टाकून द्यावं लागतं.

हेच गणित आपल्याकडे भिंतीवर टांगलेलं असतं. तिथी सरासरी 23 तास 37 मिनिटांची, दिवस 24 तासांचा. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाआधीच आटोपली, की तिला स्वतःचा दिवसच मिळत नाही. तिचा क्षय. उलट एखादी लांबली आणि दोन सूर्योदयांना सापडली, की तिची वृद्धी. लागोपाठ दोन दिवस तीच. पडद्याचंही असंच. सेकंदाला साठ वेळा त्याचा सूर्य उगवतो आणि त्या क्षणी एमुलेटरकडे जे चित्र तयार असेल ते दिसतं. फॅमिकॉम घाईतला, म्हणून त्याच्या चित्रांचा क्षय होतो. निन्टेन्डोचाच हातात धरून खेळायचा गेम बॉय सेकंदाला 59.73 चित्रं काढणारा, जरा संथ. त्याच्याकडे वृद्धी, दर पावणेचार सेकंदांनी एक चित्र दोनदा. पंचांगवाल्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. फरक एवढाच की क्षयतिथीला कुणी खड्ड्यात पडत नाही. मारिओ पडतो.

मग जुन्या टीव्हीवर हे का दिसत नव्हतं? कारण त्या टीव्हीला स्वतःचं मत नव्हतं. प्रत्येक चित्राच्या शेवटी कन्सोल एक इशारा पाठवायचा आणि तो आला की किरण मुकाट्याने वर जायचा. इशारा क्षणभर लवकर आला तर लवकर, उशिरा आला तर उशिरा. ज्यांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट होता त्यांना मागचं व्ही-होल्डचं बटण आठवत असेल. चित्र खालून वर गडगडायला लागलं की कुणीतरी मागे हात घालून ते पिळायचं आणि बाकीचे पुढून ओरडायचे, ‘थोडं उलटं... बास, बास!’ ते पिळणं म्हणजे टीव्हीला इशारा नीट पकडायला लावणं. एकदा पकडला की साठ काय आणि 60.0988 काय, त्याला सारखंच. सपाट पडदे आले आणि हा आज्ञाधारकपणा गेला. त्यांचा ठोका त्यांचा. बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं.

सोपा उपाय म्हणजे खेळच किंचित हळू चालवायचा, नेमके साठ. फरक 0.16 टक्के, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण इथे तिसरं घड्याळ उभं राहतं, साउंड कार्डाचं. त्याला ठरलेल्या वेगाने आवाजाचे नमुने लागतातच. खेळ हळू केला की नमुने कमी पडतात आणि स्पीकरमधून ‘कर्र’ असा आवाज येतो. आवाज सांभाळला तर चित्र अडखळतं, चित्र सांभाळलं तर आवाज खरखरतो. एमुलेटरवाल्यांनी कित्येक वर्षं यातलं एकच काय ते पदरात घेतलं. 2012मध्ये रेट्रोआर्च हा एमुलेटर चालवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हान्स-क्रिस्तियान आर्न्टसेनने यावरची युक्ती लिहून काढली. आवाजाचा साठा किती भरलाय यावर नजर ठेवायची, आणि तो रिता होऊ लागला की आवाज तिळभर ताणायचा, भरू लागला की तिळभर आवळायचा. मर्यादा अर्ध्या टक्क्याची. फॅमिकॉमच्या बाबतीत स्वर उतरतो तो तीन सेंटांहूनही कमी, आणि सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. आपल्या बावीस श्रुतींतलं सगळ्यात लहान अंतर सुमारे 22 सेंटांचं. हा उतार त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. एवढं बेसूर तानपुरा जुळवणाऱ्यालाही पकडता येईल का, शंकाच आहे. डोळ्याला मात्र एकच चित्र गळालेलं खटकतं. मला तर वाटतं, कानाच्या या भोळेपणावरच अख्खा एमुलेटर उभा आहे.

पैसे असतील तर चित्र येईपर्यंत थांबणारे पडदे 2013पासून मिळू लागलेत. जी-सिंक, फ्रीसिंक वगैरे. म्हणजे व्ही-होल्डच्या जमान्यातली तीच ताबेदारी, फक्त आता जास्त पैसे मोजून.

हे सगळं जुळवलं, झटका गेला, चित्र लोण्यासारखं सरकू लागलं, तरी मारिओ काही ओळखीचा वाटेना. फार पळत होता. संगीतसुद्धा मागे कुत्रं लागल्यासारखं. याचंही कारण आकड्यांतच सापडतं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला 50चा. नव्वदच्या दशकात इथल्या घराघरांत शिरलेले नकली फॅमिकॉमही बहुतेक त्याच टीव्हीसाठी केलेले, पण आतल्या कॅसेटमधला खेळ जपानी, सेकंदाला साठ चित्रं धरून लिहिलेला. खेळ सगळं चित्रांच्या हिशेबात मोजतो. मारिओचं ते 400पासून उतरणारं घड्याळ दर 24 चित्रांना एकने घटतं. साठच्या वेगाने 400 संपायला 160 सेकंद लागतात, पन्नासच्या वेगाने 192. जपानी-अमेरिकी पोरांपेक्षा आपल्याला 32 सेकंद जास्त. शत्रूही तितकेच सुस्त होते हे खरं, पण आपली बोटं तर पन्नासच्या हिशेबात चालत नव्हती ना? तेव्हा लहानपणी आपण मारिओत उस्ताद होतो असा ज्यांचा समज आहे, त्यांनी एकदा साठवर खेळून बघावं.

ही सोयसुद्धा एमुलेटरवाल्यांनी करून ठेवली आहे. मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एमुलेटरांमध्ये प्रदेश निवडताना एनटीएससी (ती जपानी-अमेरिकी पद्धत), पाल यांच्याबरोबर ‘डेंडी’ असा पर्याय असतो. रशियात गाजलेल्या नकली फॅमिकॉमचं ते नाव, पण आपल्याकडचे कन्सोलही त्याच कुळातले. तो निवडला आणि मारिओ एकदम घरचा झाला. चालही तीच, गाणंही तेच, रेंगाळतं. आणि झटके? साठच्या पडद्यावर पन्नास चित्रं, म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा. सेकंदाला दहा वृद्धी! दहा सेकंदांनी एक क्षय परवडला म्हणायची वेळ. लॅपटॉपचा पडदा 50वर उतरायला तयार नाही. हॉलमधला टीव्ही मात्र आनंदाने उतरतो, कारण आपली सगळी चॅनलं अजून पन्नासचीच आहेत. केबल लावायची, गेम मोड सुरू करायचा, आणि आईच्या मालिका साडेसातला सुरू होऊन दहाला संपतात, त्याच्या आधी किंवा नंतर जी काय राजकन्या सोडवायची ती सोडवून घ्यायची.