बॅनकची वही: मे ते सप्टेंबर

मे, व्हिक्टोरिया डेची जोडून आलेली सुट्टी. कॅनडात, अल्बर्टातल्या अप्पर कॅनानॅस्किस तळ्यावर अजून बर्फ होता आणि सकाळी तंबूच्या दोऱ्या कडक झालेल्या. या हंगामात बॅनक, म्हणजे यीस्ट न घालता आगीवर भाजायचा जाड ब्रेड, नीट शिकायचाच, असं ठरवून कॅल्गरीहून निघाले होते. पहिला बॅनक खालून कोळसा, वरून पांढरा, आणि सुरी घातली तर मधलं पीठ सुरीला चिकटून बाहेर आलं. लेकाने कडेचा भाजलेला भाग खाल्ला. उरलेला पिशवीत बांधून अस्वलांना उघडता येत नाही त्या लोखंडी कपाटात ठेवला, कारण इथे खाण्याचा कणही बाहेर राहू द्यायचा नसतो.

वहीत त्या रात्री तीन चुका लिहिल्या. वीस वर्षं पोळ्या केलेल्या हाताने ते पीठ कणिक तिंबतात तसं तिंबलं. मग सवयीने अर्धा तास झाकून ठेवलं. आणि लाकडं धडधडून पेटलेली असताना पॅन चढवलं. पुढचे चार महिने या तीन गोष्टी दुरुस्त करण्यातच गेले.

सध्या ज्या प्रमाणावर स्थिरावले आहे ते असं: 300 ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, एक छोटा चमचा मीठ, 45 ग्रॅम तूप, आणि 180 ते 190 मिली पाणी. दहा इंची बिडाच्या पॅनमध्ये एक बॅनक होतो, तिघांना पुरतो. इथे बहुतेक जण लार्ड, म्हणजे डुकराची चरबी वापरतात. मी घरी कढवलेलं साजूक तूप घेते. थिजलेलं हवं, पातळ नको.

जून, घरामागच्या शेगडीवर. हा महिना मोहनाचा. पाककृतीत चरबी पिठाला ‘चोळा’ एवढंच लिहिलेलं असतं, पण किती चोळायचं हे आपल्याला मोहनामुळे आधीच ठाऊक असतं. थिजलेल्या तुपाचे तुकडे बोटांच्या टोकांनी पिठात मोडत गेले. आधी पीठ हातातून निसटतं. दोनेक मिनिटांत ते ओलसर वाळूसारखं जड होतं, मूठ दाबली की मुटका वळतो, आणि अंगठा लावला की फुटतो. शंकरपाळ्यांना आई याच खुणेवर थांबते. तुपाचे चार-दोन दाणे वाटाण्याएवढे राहिले तर राहू द्यावेत, तिथे नंतर पापुद्रा सुटतो.

हे सगळं घरीच करून कोरडं मिश्रण पिशवीत भरून नेते. पाणी मात्र आगीजवळच घालायचं. बेकिंग पावडर ओली झाली की लगेच वायू सुटायला लागतो आणि उरलेलं काम उष्णता लागल्यावर होतं. त्यामुळे भिजवून झाकून ठेवणं म्हणजे त्यातला जोर हवेत सोडणं. आणि कॅनडाचा मैदा कडक गव्हाचा, त्यात प्रथिनं भरपूर. जास्त मळला की चिवट होतो. पाणी घालून काट्याने दहा-बारा वेळा फिरवायचं, गोळा चिकट आणि ओबडधोबड दिसला तरी तसाच थापायचा. माझ्यासाठी हे सर्वांत अवघड. गुळगुळीत गोळा झाल्याशिवाय हात थांबत नाही. जूनमध्ये सहा बॅनक केले, त्यातले चार जास्त मळलेले होते.

याच महिन्यात ऑफिसातल्या एका क्री (इथल्या एका मूळ रहिवासी समाजाच्या) बाईंना फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून आतली जाळी पाहिली आणि म्हणाल्या, “हात लवकर काढ.” आजीला त्या कोकम म्हणतात. त्यांच्या कोकमने कधी मोजून पीठ घेतलं नाही. पिठाच्या पोत्यातच खळगा करून त्यात पाणी ओतायची आणि लागेल तेवढंच पीठ गोळ्याला ओढून घ्यायची.

क्री भाषेत बॅनकला पाहक्वेसिकन म्हणतात, मेटी लोक (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) गालेत म्हणतात. बॅनक हा शब्द आणि तव्यावरची ओट-बार्लीची जाड भाकर स्कॉटलंडची. 1670 मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीच्या फर-व्यापारात पुष्कळ स्कॉट होते आणि गव्हाचं पीठही त्या व्यापाराबरोबर आत पोचलं. त्याआधीही इथल्या लोकांच्या भाकऱ्या होत्या, कॅमस नावाच्या कंदाच्या. दक्षिण अल्बर्टात मूळ रहिवाशांशी सरकारचा सातवा करार 1877 साली झाला, पुढच्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्यावर ते जगत ते मैदानावरचे बायसन (रानगव्यासारखे प्राणी) संपले, आणि सरकारी शिध्यात पीठ आलं. म्हणून काही घरांत बॅनक म्हणजे आजीच्या हातची माया आणि काही घरांत उपासमारीची आठवण. बऱ्याच घरांत दोन्ही. हे कळल्यापासून मी त्याला नुसता ‘कॅम्पिंगचा ब्रेड’ म्हणत नाही.

जुलै, पुन्हा कॅनानॅस्किस. अमरावतीहून आई आली होती. मी पॅन उचललं तसं तिने मनगट धरलं. “जाळ आहे अजून. आर पडू दे.” शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणाऱ्या बाईला पाइनच्या लाकडाची आग नवी होती, पण आर नवा नव्हता. तिने काठीने निखारे ओढून एका बाजूला पसरले, जाळ दुसऱ्या बाजूला राहू दिला, आणि निखाऱ्यांवर वीतभर उंचीवर तळहात धरून मोजायला लागली. सहाला हात काढला. “आता ठेव.”

त्या दिवशी पहिल्यांदा बॅनक जमला. निखाऱ्यांवर आठ-नऊ मिनिटं, तळ सुटून पॅनमध्ये सरकायला लागेपर्यंत. मग पॅन उचलून जाळाच्या बाजूला दगडाला टेकवून जवळजवळ उभं केलं, तोंड आगीकडे. आता वरची बाजू जाळाच्या धगीने भाजते. दर दोन-तीन मिनिटांनी बॅनक पॅनमध्ये पाव वळण फिरवायचा. दहा-बारा मिनिटांत वर तांबूस डाग धरतात, बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. विणायची सुई घालून पाहिली, कोरडी आली. म्हणजे आच एकच नाही, दोन लागतात: खालून आराची, वरून जाळाची. मेमध्ये मी एकाच आगीकडून दोन्ही कामं करून घेत होते.

आईला मी सांगितलं की लाकूड नसलेल्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ मैदानावर, लोक बायसनचं वाळलेलं शेण जाळत. ती बराच वेळ त्याबद्दलच विचारत राहिली: किती वेळ आर टिकायचा, धूर कसा, राख पांढरी पडायची का. मला उत्तरं देता आली नाहीत.

ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे आगीवर बंदी. गॅसच्या छोट्या बर्नरवर झाकण ठेवून, एकदा उलटून केला. चांगला होतो, पण दोन्ही बाजूंना सारखाच चपटा, आणि धुराचा वास नाही. त्याच महिन्यात पिठाचे प्रयोग उरकले. अर्धा मैदा अर्धी कणिक: जड, कारण कणिक जास्त पाणी पिते आणि मी ते वाढवलं नव्हतं. तिसरा हिस्सा कणिक आणि वर दोन चमचे पाणी: हा मला साध्यापेक्षाही आवडला, गव्हाचा खरपूस वास येतो. ज्वारीचं पीठ घातलेला कापताना भुगा झाला.

सप्टेंबर, काठीवरचा बॅनक. उद्यानात जिवंत झाडाची फांदी तोडायला मनाई आहे, म्हणून घरच्या विलोच्या अंगठ्याएवढ्या जाड काठ्या सोलून नेल्या. इथे पाणी थोडं कमी, 165 मिली. पिठाची बोटाएवढी वळी करून काठीला गुंडाळायची, टोक बंद करायचं म्हणजे टोपीसारखं होतं. काठी आधी निखाऱ्यावर गरम करून घेतली तर आतली बाजूही शिजते. हे मला तिसऱ्या काठीला सुचलं. लेकाने संयमाने पंधरा मिनिटं काठी फिरवली, बॅनक अलगद ओढून काढला आणि त्या पोकळीत तूप-गूळ भरला. आमच्या घरात आता त्याला हाच प्रकार हवा असतो.

बर्फ पडण्याआधी एक फेरी बाकी आहे. त्या वेळी पॅन बाजूला ठेवून त्याच आरात रोडगे पुरायचे आहेत. आईने फोनवर घड्या कशा घालायच्या ते सांगितलंय, जाडसर कणिक दळून ठेवली आहे. गोवऱ्या नाहीत. पाइनच्या धुराची राळ कणकेला लागेल अशी भीती वाटते, म्हणून पॉप्लरची लाकडं वेगळी वाळवत टाकली आहेत. लाकडाच्या आरात कुणी रोडगे भाजले असतील तर किती वेळ पुरून ठेवले ते जरूर सांगा.