१३८/८८ आणि पोह्यावरची सेव

रविवार, रात्री ११

आत्ताच देवासहून, आजीकडून इंदूरला परतले. बुधवारी कॉलेजात हेल्थ कँप होता, सगळ्या जणी लाईनीत उभ्या म्हणून मीपण उभी राहिले, हिमोग्लोबिन कमी निघेल एवढीच भीती होती आणि निघालं काय तर बीपी. १३८/८८. वय बावीस! मोजणाऱ्या ताई म्हणाल्या टेन्शन नका घेऊ, आणि पुढचीला बोलावलं. झालं, तिथूनच टेन्शन सुरू.

आजीला सांगितलं तर ती पहिलं काय म्हणाली, "जिने चढून गेली असशील, वर चहा ढोसला असशील." दोन्ही खरं. तिसरा मजला आणि दहा मिनिटांपूर्वी कँटीनचा कडक कट. आजीच्या मशीनपुढे बसायचं म्हणजे शिस्त, पाच मिनिटं गप्प, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, मांडी घालायची नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला आणि मोजताना तोंड बंद (हे तिला स्वतःला जमत नाही). दोन दिवसांत चारदा घेतलं, १२६/८२ च्या आसपास. कँपपेक्षा बरंच खाली, पण १२०/८० च्या आत काही येईना.

मग येताना बसमध्ये खाणं आठवत बसले. मला वाटायचं दोष सराफ्याचा, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीचा, गराडू, भुट्ट्याचा कीस वगैरे, पण सराफ्यात मी जाते महिन्यातून एकदा. रोजचं काय? सकाळी भंवरकुआंला पोहे, वर सेव, त्यावर जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. त्यात काळं मीठ असतं, ते बीपीला चालतं असं मीच रूममेटला छातीठोकपणे सांगायचे, पण तेही शेवटी सोडियमच ना. मेसमध्ये पापड-लोणचं, रात्री नूडल्स, मसाल्याची पुडी पूर्ण रिकामी करून.

रूमवर आल्या आल्या सेवेचं पाकीट उलटं करून बघितलं, १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम. अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे २ ग्रॅम. पाकीट २०० ग्रॅमचं, परीक्षेच्या दिवसांत एका रात्रीत फस्त, म्हणजे ४ ग्रॅम नुसतं सेवेतून! जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभराचं सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत, सपाट चमचाभर. आणि केळी, पालेभाजी, डाळीतलं पोटॅशियम हे सोडियम लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतं, हे मी बीएस्सीला पाठ केलेलं, मार्कपण पडले होते. मेसची डाळ मात्र एवढी पातळ की त्यात डाळ शोधावी लागते. झोपेचं तर बोलायलाच नको, ती कमी पडली तरी बीपी चढतं म्हणे आणि आत्ता अकरा वाजून गेलेत.

सोमवार

पोहेवाल्याला म्हटलं, भैया जीरावन मत डालना. त्याने अशी नजर टाकली जणू मी भोपाळहून आलेय. मग बिचाऱ्याला वाटलं प्लेट फिकी लागेल, म्हणून वरून सेवेची आणखी एक मूठ टाकली. मी काही बोलले नाही.