दीडपट वेगाने

"अगं, मालिका फार सुंदर आहे. दीडपट वेगाने बघ, एका रात्रीत संपेल."

मैत्रिणीचं हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. सुंदर आहे, तर संपवायची घाई कशाला?

तरी बघितलं तसं. एका प्रसंगात आई फोन ठेवते आणि नुसती बसून राहते. काही बोलत नाही. मग मागे जाऊन तोच प्रसंग नेहमीच्या वेगाने पाहिला. बारा सेकंदांची शांतता मघाशी आठ सेकंदांत उरकली होती. संवाद एकही सुटला नव्हता, पण मघाशी ती मला फक्त थकलेली वाटली होती. आता कळलं, ती रडू आवरत होती.

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्यातली फिल्म हाताने दांडा फिरवून पुढे सरकवायचे, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) हा वेग पक्का झाला, कारण वेग हलला की आवाज बिघडायचा. आता सॉफ्टवेअर आवाजाची पट्टी सांभाळून घेतं. कानाला काही खटकत नाही, म्हणून काय गेलं तेही कळत नाही.

बातम्या, व्याख्यानं खुशाल पळवत ऐकावीत, मीही ऐकते. पण अभिनय? नट किती वेळ थांबला, हाच तर अभिनय असतो ना!

मालिका खरंच चांगली आहे. मी रोज एकच भाग बघणार आहे, आहे त्या वेगाने.

तुम्ही कसं बघता?