अंतर आधी, चित्र मग, कॅप शेवटी: डोंगरातल्या रोडबुक सरावाचा यंदाचा हिशेब

भातकापणी उरकून खाचरं मोकळी झाली की आमचा मोसम सुरू होतो. होळीनंतर ऊन चढायला लागलं की तो आटोपतो. यंदाचा जवळजवळ आटोपलाच आहे. गाडीत यंदा काही केलं नाही. एक्सपल्स 200 4व्ही मोटरसायकल तीच, पुढचं 21 इंची चाक तेच, हँडलवर कागदाची गुंडाळी फिरवणारा एक सेकंडहँड रोल होल्डर आणि डाव्या अंगठ्याखाली त्याचं बटण. पैसे वाचले ते पेट्रोलात गेले. सगळा मोसम एकाच कामाला दिला: डोंगरात रोडबुक वाचणं.

ज्यांनी रोडबुक हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॅलीचा मार्ग सांगणारी कागदाची लांब गुंडाळी असते, तिच्यावर एकाखाली एक चौकोन, म्हणजे नोटा. डावीकडे सुरुवातीपासूनचं एकूण अंतर आणि मागच्या नोटेपासूनचं अंतर. मध्ये ट्युलिप, म्हणजे जंक्शनचं छोटं चित्र. खालचा ठिपका म्हणजे आपण आणि बाण म्हणजे जायची वाट. उजवीकडे कॅप, म्हणजे उत्तरेपासूनचे अंश, शिवाय खुणा आणि धोक्याची उद्गारचिन्हं. एक असेल तर सांभाळून, दोन असतील तर वेग उतरवा, तीन असतील तर जवळजवळ थांबाच. संक्षेप सगळे फ्रेंच आहेत: एचपी म्हणजे वाट सोडून, डीझेड म्हणजे वेगमर्यादेची सुरुवात, एफझेड म्हणजे शेवट. ते एकदा पाठ केले की पुन्हा त्रास देत नाहीत. जीपीएसची निळी रेघ मात्र कुठेच नसते.

नेटवर शिकायला जाल तर ऐंशी टक्के माल वाळवंटाचा सापडेल, आणि त्यात काही गैर नाही. डाकार ही जगातली सगळ्यांत नावाजलेली रॅली वाळवंटात होते, आणि आपल्याकडच्या मुलांनीही नाव तिथेच काढलं. सी. एस. संतोष 2015 मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. हरिथ नोआने 2024 मध्ये रॅली 2 गटात पहिला नंबर काढला आणि एकंदरीत अकरावा आला. पण वाळवंटाचे धडे जसेच्या तसे सह्याद्रीत आणले की पंचाईत होते. तिथे कॅप धरून सरळ सुटता येतं, आणि वाट चुकली तर आडवं कापून परत ट्रॅकवर येता येतं. इथे आडवं कापायला गेलात तर मध्ये ओहोळ, त्याच्या पलीकडे करवंदीची जाळी आणि त्याच्याही पलीकडे कुणाचं तरी वरीचं रान. चुकलात तर आल्या वाटेनेच मागे फिरायचं. म्हणून डोंगरात चुकीची किंमत मिनिटांत मोजतात.

सरावाचा परिसर म्हणजे बारवी धरणापासून पूर्वेला म्हसा, नारिवली, देहरीपर्यंतचा मुरबाड तालुका. घणसोलीहून महापे, शीळफाटा, काटई, बदलापूर असं पहाटे निघालं की ट्रक मागे लागायच्या आत बारवीचा रस्ता गाठता येतो. येऊरला जाऊ का, असं ठाण्याची पोरं दर वेळी विचारतात. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, विषय संपला. माथेरानमध्ये वाहनबंदी आहे, आणि भीमाशंकर अभयारण्याच्या बाजूला टायर लावायचा नाही. आमची सगळी रोडबुकं गावरस्ते, वाड्यापाड्यांच्या मुरमाच्या वाटा आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांवर चालतात. बांधावरून गाडी घालणाऱ्याला ग्रुपमधून काढतो. प्रत्येक गावाच्या वेशीवर डीझेड 30 लिहायचं आणि गाव संपलं की एफझेड. रॅलीतला नियमही पाळला जातो आणि कोंबड्याही वाचतात.

नोटा वाचायची सवय मात्र डोंगरात लागली नाही, ती घणसोलीच्या सेक्टरांत लागली. सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात आणि दर साठ-सत्तर मीटरला एक चौक येतो, त्यामुळे सिडकोने हे आपल्यासाठीच बांधलं असं वाटतं. पहाटे सायकलवर अंतर मोजणारं साधं ट्रिप मीटर आणि हँडलला बांधलेला कागद घेऊन निघायचं. नजर टाकायची ती एका सेकंदाची: अंतर, चित्र, पुन्हा वर रस्त्यावर. पुढची नोट जवळ असेल तर दोन नोटा एकदम डोक्यात घ्यायच्या. हे सायकलवर नीट जमत नसेल तर उभं राहून, हेल्मेटच्या आतून, मुरमावर मागचं चाक सरकत असताना अजिबात जमणार नाही.

आता अंतराकडे येतो, कारण यंदाचा सगळा मुक्काम तिथेच होता.

माझं ट्रिप मीटर पुढच्या चाकावरच्या सेन्सरवर चालतं. 90/90-21 टायरचा घेर हिशेबाने साधारण 2.18 मीटर येतो. नव्या नॉबी टायरचे नॉब, म्हणजे वरचे रबरी ठोकळे, 5 मिलिमीटर झिजले की घेर 31 मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे सव्वा ते दीड टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 30 किलोमीटरवर त्याचे चारशे मीटर होतात, आणि म्हशाच्या पुढे चारशे मीटरमध्ये डावीकडे जाणाऱ्या तीन वाटा लागतात. तिन्ही लाल मातीच्या, आणि तिन्हींच्या तोंडाशी सागाचं झाड. हवेचा दाब कमी केलात की आणखी फरक. जोरात ब्रेक मारून पुढचं चाक घसरवलंत की मीटर कमी मोजतं. चढावर पुढचं चाक उचललं गेलं की त्याचाही हिशेब वेगळा.

त्यावर जीपीएसचं अंतर घ्या, असं सांगणारे भेटतात. घ्या, पण ते कसं मोजलं जातं ते समजून घ्या. सेकंदाला एक ठिपका पडतो आणि ठिपके सरळ रेषेने जोडले जातात. घट्ट वळणांवर प्रत्येक वेळी कोपरा कापला जातो. गच्च झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी ठिपके इकडेतिकडे उड्या मारतात आणि अंतर उलट वाढतं. शिवाय नकाशावरून काढलेलं अंतर सपाट असतं. 20 टक्के चढाच्या वाटेवर ते खऱ्यापेक्षा दोन टक्क्यांनी कमी भरतं. डांबरी घाटात चढ एवढा नसतो, त्यामुळे तिथे हे जाणवत नाही. धनगरवाडीच्या कच्च्या चढाला मात्र लगेच जाणवतं.

यातून माझ्या मनात पक्कं बसलेलं एकच: मीटर खरं असायची गरज नाही, ते रोडबुक लिहिणाऱ्याच्या मीटरशी जुळायला हवं. त्याने त्याच्या टायरवर जे मोजलं ते त्या दिवसापुरतं प्रमाण. म्हणून आम्ही प्रत्येक रोडबुकाचे पहिले 5 किलोमीटर सरळ डांबरीवर ठेवतो, सुरुवातीला आणि शेवटाला न हलणारी खूण. तिथे फरक बघायचा, घेराचा आकडा बदलायचा आणि मगच कच्च्याला लागायचं. पुढे अधिक-उणेच्या बटणाने ट्रिप जुळवायचं तेही फक्त शंभर टक्के खात्रीच्या खुणेवर. ‘बहुतेक हीच मोरी’ असं म्हणून जुळवलंत, की पुढचा प्रत्येक आकडा त्या बहुतेकवर उभा राहतो.

कॅपबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. आपल्या भागात कंपास आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतबाहेर आहे, त्यामुळे ती डोकेदुखी नाही. डोकेदुखी वेगळीच आहे. हँडलवरची कॅप जीपीएसवरून येते आणि गाडी चालती असेल तरच खरी असते. फाट्यावर थांबून कॅप बघणारे लोक आकडा भिरभिरताना बघत बसतात. वळणात ती मागे रेंगाळते. वळण घ्या, तीस-चाळीस मीटर सरळ जा, मग बघा. तोवर वाट तुम्हाला घेऊन निघालेली असते. दोन फाट्यांमध्ये दहा अंशांचा फरक असेल तर कॅपवर निवाडा करायचाच नाही. वळून झाल्यावर ‘बरोबर आहे ना’ एवढं विचारायला ती उत्तम.

मुरबाडात कॅपपेक्षा मोठी सोय फुकट मिळते. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत उभी आहे, तिच्यापुढे गोरखगड आणि मच्छिंद्रचे सुळके. भिंत उजव्या हाताला असेल तर तोंड उत्तरेला, डावीकडे असेल तर दक्षिणेला. धुरकट सकाळी ती दिसत नाही, पण नऊनंतर बहुतेक वेळा दिसते. रोडबुकाच्या कोपऱ्यात मी आता ‘भिंत उ’ किंवा ‘भिंत डा’ असं लिहितो. फ्रेंच संक्षेपांत आमची एवढीच भर.

खरी प्रगती झाली ती रोडबुक लिहायला बसल्यावर. आमच्यात पाळी लावलेली आहे. एकाने मार्ग फिरून रोडबुक करायचं, बाकीच्यांनी ते न बघता चालवायचं. ट्रॅक रेकॉर्ड करून रॅली नॅव्हिगेटर या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की अंतरं आणि कच्चे ट्युलिप तयार मिळतात. तिथून पुढे माणसाचं काम. फाट्यावर चालणाऱ्याला काय दिसेल, कुठे चकवा बसेल, कुठली वाट नव्हे हे कसं सांगायचं. पाच वाटा एकत्र येत असतील तर पाचही काढायच्या, अगदी गुराखी वापरतात ती पायवाटसुद्धा. एक सोडली की वाचणारा मोजताना अडकतो.

खुणा निवडायच्या तर माझी क्रमवारी अशी: साकव, मोरी, नदीतली फरशी, जिल्हा परिषदेची शाळा, देऊळ, ट्रान्सफॉर्मर आणि उच्च दाबाचा टॉवर. टॉवरच्या पाट्यांवर नंबर असतात, त्यासारखी खूण नाही. भाताच्या पेंढ्याची उडवी कधीही लिहू नका. कार्तिकात डोंगराएवढी दिसते, शिमग्यापर्यंत गुरांच्या पोटात गेलेली असते. फ्लेक्स तर निवडणुकीगणिक बदलतात. बदलापूरच्या आसपास वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कामाने इतकी उलथापालथ केली आहे की तिथली जुनी रोडबुकं रद्दीत घातली. पौष पौर्णिमेच्या सुमारास म्हशाची जत्रा भरते तेव्हा सगळा मार्ग उत्तरेला सरळगावच्या बाजूला वळवतो. जत्रेला आलेल्या बैलांमध्ये नॅव्हिगेशन शिकायचं कारण नाही.

रोल तयार करणं हाही एक उद्योग आहे. ए-फोर कागद मधून उभे कापायचे, क्रमाने जोडायचे, चिकटपट्टी मागच्या बाजूने लावायची. वरच्या कागदाची कड खालच्यावर चढवायची की उलट, हे होल्डर कुठल्या दिशेने फिरतो त्यावर ठरतं. उलटं केलंत तर जोड बरोबर रोलरच्या तोंडाशी अडकतो आणि मोटर कुरकुरत कागद गोळा करत बसते, तेही नेमक्या दोन उद्गारचिन्हांच्या नोटेवर. मार्करने रंगवायचं ते आदल्या रात्री. माझे रंग: धोका लाल, दिशा बदलणारी नोट पिवळी, वेगमर्यादा निळी. डाकारमध्ये आता रोडबुक सुटायच्या थोडंच आधी मिळतं आणि रंगवत बसायला वेळ मिळत नाही. तरी शिकताना रंगवावं असं माझं म्हणणं, कारण रंगवताना अख्खा मार्ग एकदा डोळ्यांखालून जातो.

नारिवलीच्या अलीकडे एका साकवापाशी मी रोल मागे फिरवत उभा होतो. लाकडाची मोळी उतरवून एक मामा शेजारी येऊन बसले.

‘मोबाइल बंद पडला काय?’

‘नाही मामा, कागदावर बघून चाललोय. सराव आहे.’

त्यांनी कागद नीट बघितला. ट्युलिपवर बोट ठेवून म्हणाले, ‘ही मधली वाट दाखवलीस, ती मागच्या पावसात गेली. दरड आली ना. आता खालून जातात.’ मग जरा थांबून, ‘विचारायचं की सरळ, त्याला कागद कशाला?’

परतल्यावर लिहिणाऱ्याला फोन केला. त्याने नोट बदलली. मार्ग पावसाळ्याआधी बघितला होता, आणि तेवढ्यात वाट बदलली होती. तेव्हापासून रोडबुक वापरायच्या आदल्या रविवारी एकाने पुन्हा फिरून यायचं असं ठरलं.

वाट हरवल्यावर काय करायचं, याबद्दल आता ग्रुपमध्ये वाद उरलेला नाही. पुढची नोट तिच्या आकड्याच्या पुढे दोनशे मीटर गेली तरी दिसली नाही की थांबायचं. पुढे बघू, येईल, असं करायचं नाही. शेवटच्या खात्रीच्या खुणेवर परत जायचं, ट्रिप तिथल्या आकड्यावर आणायचं आणि तीच नोट पहिल्यांदा वाचतोय असं समजून वाचायची. ऐरोलीचा मित्र हे करताना पुटपुटत नोट मोठ्याने वाचतो. आधी आम्ही हसायचो, आता सगळेच वाचतात. फिरून आल्यावर सगळ्यांचे ट्रॅक एकमेकांवर ठेवून बघतो. रोडबुकात न सांगितलेल्या काही जागांभोवती लिहिणाऱ्याने 90 मीटरची वर्तुळं आधीच काढून ठेवलेली असतात. वर्तुळात न शिरलेल्याने वडापाव द्यायचे. हा दंड रॅलीच्या दंडापेक्षा परिणामकारक आहे.

भिंतीच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज नसते, म्हणून एकटं जायचं नाही. मार्ग आणि परतायची वेळ घरी लिहून ठेवायची.

अजून न जमलेलं सांगतो. उतारावर उभं राहून नोट वाचली की वेग आपोआप पडतो, म्हणजे डोळे आणि मनगट अजून एकाच दोरीने बांधलेले आहेत. टीएसडीचा, म्हणजे ठरलेली सरासरी राखून ठरल्या वेळी पोहोचण्याचा, सरावही कच्चा आहे. ताशी 24 किलोमीटरची सरासरी राखायची म्हणजे दर किलोमीटरला अडीच मिनिटं. सपाटीला ते सोपं, पण चढात गेलेले सेकंद उतारावर हिशेबाने परत मिळवताना गडबड होते. पुढे कधी हिमाचल-लडाखकडची डोंगरी रॅली करायची तर हे आधी बसायला हवं. रेड द हिमालय 1999 मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिकडे जाऊन आलेले लोक एकच सांगतात, की वेगाने माणूस मागे पडत नाही, हुकलेल्या फाट्याने पडतो.

पावसाळ्यात धबधब्यांच्या परिसरात दरवर्षी बंदीचे आदेश निघतात, चिकटपट्टीही दमट हवेत सुटते, त्यामुळे जूनपासून सराव पुन्हा सायकलवर आणि सेक्टरांत. दसऱ्यानंतरचं पहिलं रोडबुक डोंबिवलीची मैत्रीण लिहिणार आहे. तिने आत्ताच बजावलंय की त्यात कॅपचा रकाना कोरा असेल.